देवळाली ताप : एका शब्दातून गळून पडलेला आजार

इंग्रजांच्या रोजच्या बोलण्यात 'डूलॅली' असा एक शब्द आहे. कोणी भ्रमिष्टासारखा वागू लागला, की 'तो जरा डूलॅली झालाय' असे हसत म्हटले जाते. त्यात शिवीपेक्षा चेष्टाच अधिक. हा शब्द वापरणाऱ्या बहुतेकांना ते आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या एका गावाचे नाव घेत आहेत, याची कल्पना नसते. 'डूलॅली' म्हणजे देवळाली. गोऱ्या सैनिकांच्या जिभेवर देवळालीचे झालेले हे रूप त्यांच्याबरोबर बोटीने विलायतेला गेले आणि तिथल्या शब्दकोशांत जाऊन बसले.

एवढी माहिती नाशिकच्या बऱ्याच हौशी अभ्यासकांना आहे. गप्पांत ती गंमत म्हणून सांगितली जाते. मला त्या शब्दाचा दुसरा, हरवलेला भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. मूळ शब्द नुसता 'डूलॅली' नव्हता, 'डूलॅली टॅप' असा होता. हा 'टॅप' म्हणजे नळ किंवा टिचकी नव्हे. इंग्रजी कोशकार त्याचे मूळ हिंदुस्तानी 'तप' म्हणजे ज्वर या शब्दात दाखवतात आणि त्याच्यामागे संस्कृत 'ताप' उभा आहे. म्हणजे सैनिक म्हणत होते, 'याला देवळालीचा ताप चढला आहे.' पुढे बोलताना शब्द आखूड होत गेला. ताप गळाला, गावाचे नाव उरले आणि त्याचा अर्थ केवळ वेड असा झाला.

शब्द आखूड होण्यात नवल नाही. पण इथे जे गळाले ते शरीर होते आणि जे उरले ते मन होते. दीर्घ आजार आणि मनाचे दुखणे यांचे नाते असे तुटण्याची प्रक्रिया आजही आपल्या दवाखान्यांत, कागदपत्रांत आणि घरांत चालू आहे. मी दिंडोरीत सव्वीस वर्षे औषधांचे दुकान चालवतो. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. जुनी गॅझेटियर, लष्करी आठवणी आणि वैद्यकाचा इतिहास हे सारे दुकान बंद केल्यावरचे वाचन. पण दुकानाच्या काउंटरवर जे रोज दिसते, त्यामुळेच हा शब्द माझ्या मनातून जाईना.

छावणीतले वाट पाहणे

देवळालीची छावणी १८६० च्या दशकात आकाराला आली. १८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थानात गोऱ्या सैनिकांची संख्या वाढवण्यात आली होती. त्यांची ने-आण मुंबई बंदरातून होई. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे सुरू झाली आणि मुंबईहून नाशिककडे येणे सोपे झाले. घाटमाथ्यावरची कोरडी, मुंबईपेक्षा थंड हवा, मोकळे माळरान आणि जवळ रेल्वे. एवढ्या गोष्टी एकत्र आल्यावर विलायतेहून येणाऱ्या आणि तिकडे परतणाऱ्या तुकड्यांचा मुक्काम देवळालीला ठरला. सुमारे पाच हजार माणसे राहतील एवढ्या बराकी तिथे उभ्या राहिल्या.

सैनिकांची वाहतूक वर्षभर चालत नसे. पावसाळा आणि कडक उन्हाळा टाळून साधारण हिवाळ्याच्या महिन्यांतच बोटी सुटत. ज्याची नोकरीची मुदत हंगाम संपता संपता भरली, त्याला पुढच्या हंगामापर्यंत थांबावे लागे. अशा सैनिकांना 'मुदत भरलेले' म्हणत. त्यांच्याकडे शस्त्र नसे, नेमून दिलेले काम जवळपास नसे. पलटण मागे राहिलेली, घर अजून सात समुद्रांपलीकडे.

फ्रँक रिचर्ड्स या वेल्समधल्या सैनिकाने याचे वर्णन लिहून ठेवले आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो हिंदुस्थानात आणि ब्रह्मदेशात होता. त्याचे 'ओल्ड सोल्जर साहिब' हे पुस्तक १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले. तो सांगतो, की देवळालीत वेळ जाता जात नसे. वर्षानुवर्षे निष्कलंक नोकरी केलेले सैनिकही तिथे गुन्हे करून तुरुंगात गेले, काहींना गुप्तरोग जडले आणि ते इस्पितळात पडले. 'डूलॅली टॅप' हा वाक्प्रचार या छावणीच्या कंटाळ्यातून निघाला असावा, असा त्याचा अंदाज आहे.

इथे एक खुलासा करायला हवा. देवळालीत वेड्यांचे मोठे इस्पितळ होते आणि त्यावरून हा शब्द आला, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. रिचर्ड्सच्या साक्षीत तसे इस्पितळ नाही, छावणी आहे. हिंदुस्थानात वेडसर ठरलेल्या गोऱ्या सैनिकांना शेवटी इंग्लंडमध्ये नेटली येथील लष्करी रुग्णालयात पाठवत, तिथे १८७० पासून मनोरुग्णांसाठी वेगळी इमारत होती. देवळाली ही वाटेवरची जागा. शब्द तयार व्हायला वेड्यांच्या इस्पितळाची गरज नव्हती, लांबलेली वाट पुरेशी होती.

तो ताप कुठला?

पण रिचर्ड्सचे 'कंटाळा' हे उत्तर मला अपुरे वाटते. कंटाळाच कारण असता तर सैनिकांनी त्याला 'ताप' का म्हटले असते? त्यांच्या अंगात ताप होताच.

गोऱ्या सैन्याच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने १८६३ मध्ये अहवाल दिला. त्यात हिंदुस्थानातल्या गोऱ्या सैनिकांचे मृत्यूचे प्रमाण दर वर्षी हजारी ६९ असे दिले आहे. यातले बहुतेक मृत्यू लढाईतले नव्हते. ताप, हगवण, यकृताचे विकार आणि पटकी यांनी ते झाले होते. जे मेले नाहीत, ते हेच आजार अंगावर घेऊन नोकरी करत राहिले. देवळालीला पोचलेला मुदत भरलेला सैनिक म्हणजे असा माणूस, ज्याच्या शरीरात दहा-बारा वर्षांचा हिंदुस्थान साठलेला होता.

त्या शरीरात काय काय असू शकत होते, ते एकेक पाहू.

पहिला हिवताप. आपल्याकडच्या जुन्या माणसांना एकांतरा, तिजारा, चौथरा हे शब्द ठाऊक आहेत. कितव्या दिवशी थंडी वाजून ताप भरतो, त्यावरून ही नावे पडली. रोनाल्ड रॉसने सिकंदराबादला डासाच्या पोटात या तापाचा परजीवी पाहिला तो दिवस २० ऑगस्ट १८९७. त्यापूर्वी तो दूषित हवेचा रोग समजला जाई. ताप उतरला म्हणजे आजार गेला असे नसे. १९४८ मध्ये शॉर्ट आणि गार्नहॅम यांनी हा परजीवी यकृतातही वाढतो हे दाखवले. तिथे तो महिनोन्महिने निद्रिस्त राहू शकतो, हे तर १९८० च्या दशकात कळले. म्हणजे पंजाबात चावलेला डास देवळालीत ताप आणू शकत होता. वारंवारच्या तापाने रक्त कमी होते, प्लीहा वाढते, जिला आपल्याकडे पाणथरी म्हणत. माणूस फिकट, थकलेला, चिडचिडा होतो. तो मेंदूवर गेला तर भ्रम आणि बेशुद्धी.

दुसरे या तापाचे औषध. क्विनाइन जास्त दिवस घेतले की कानांत सतत गुणगुण होते, ऐकू कमी येते, चक्कर येते. ज्याच्या कानात रात्रंदिवस आवाज चालू आहे, त्याची झोप आणि स्वभाव कसा राहील, याची कल्पना कोणीही करू शकेल. हा धागा पुढेही तुटला नाही. दुसऱ्या महायुद्धात दिल्या गेलेल्या मेपाक्रिनमुळे काही सैनिकांना मनोविकाराचे झटके आले. मेफ्लोक्विन या नंतरच्या औषधावर मानसिक दुष्परिणामांची सर्वांत कडक सूचना छापण्याचा आदेश अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये दिला.

तिसरा उपदंश, म्हणजे सिफिलिस. या रोगाचे जंतू शरीरात दहा-वीस वर्षे राहून अखेर मेंदू पोखरतात. रुग्ण आधी बढाईखोर, उधळ्या, विचित्र वागू लागतो आणि मग त्याचे अंग लुळे पडते. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपातल्या वेड्यांच्या इस्पितळांत असे रुग्ण मोठ्या संख्येने होते. त्यांच्या मेंदूत प्रत्यक्ष जंतू सापडले ते १९१३ मध्ये, नोगुची आणि मूर यांना. त्यानंतर चारच वर्षांनी व्हिएन्नाच्या वाग्नर-यौरेग या डॉक्टरने अशा रुग्णांना मुद्दाम हिवतापाची लागण केली. तापाच्या उष्णतेने उपदंशाचे जंतू मरतील, ही कल्पना. काही रुग्ण खरोखर सुधारले, काही दगावले. या उपचाराला १९२७ चे नोबेल मिळाले. ज्या तापाने सैनिक खुळावत, तोच ताप दुसरीकडे वेडावर औषध म्हणून टोचला जात होता.

चौथी दारू. तिच्याबद्दल वेगळे सांगायला नको.

या चारांवर मग उन्हाळा, एकटेपणा आणि लांबलेली वाट. देवळालीत जे दिसत होते, ते एका कारणाचे नव्हते. शरीराने आधीच खचलेल्या माणसाला रिकामा वेळ मिळाला होता. 'देवळाली ताप' हे सैनिकांनी दिलेले नाव म्हणूनच मला नेमके वाटते. त्यांना जंतू माहीत नव्हते, पण ताप आणि वेड त्यांनी एकाच दमात उच्चारले.

या चित्रात एक मोठी पोकळी आहे. छावणीत पाणी भरणारे भिस्ती, धोबी, स्वयंपाकी, मोतद्दार यांनाही तोच डास चावत होता. त्यांना मुदत भरल्यावर परतायला बोट नव्हती आणि त्यांच्या खचण्याला कोणी शब्दही घडवला नाही.

एका रुग्णाला एक रकाना

सैनिक दोन्ही गोष्टी एकत्र बोलत होते, तेव्हा वैद्यकीय खाते त्यांना वेगळे करत होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रोगांची पद्धतशीर वर्गवारी झाली. ते मोठे काम होते. कुठल्या रोगाने किती माणसे दाखल झाली, किती मेली, किती कायमची अपात्र ठरली, हे आकड्यांत दिसल्याशिवाय सांडपाणी, बराकी, पिण्याचे पाणी सुधारले नसते. पण तक्त्याची एक अट असते. दाखल झालेल्या माणसाला एका मुख्य रोगाच्या रकान्यात बसवावे लागते. ताप असेल तर ताप, वेड असेल तर वेड. तापाने वर्षानुवर्षे पोखरल्यामुळे उदास झालेला माणूस कोणत्या रकान्यात जाणार?

या तक्त्यांसाठी सर्वांत जास्त झगडलेल्या व्यक्तीच्या बाबतीतच हा प्रश्न उभा राहिला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिंदुस्थानात कधी आली नाही, पण १८६३ च्या अहवालामागे तिचे अपार कष्ट होते. १८५५ मध्ये क्रिमियात तिला जबर ताप आला. त्यानंतर अनेक वर्षे ती बहुतांशी खोलीतच राहिली. पाठदुखी, धाप, निद्रानाश, खोल निराशा आणि कोणी भेटायला आले तरी सहन न होणे, असे तिचे आयुष्य होते. तिच्या या आजाराला पुढे अनेकांनी मनाचा खेळ म्हटले, काहींनी तर कामासाठी केलेले ढोंग म्हटले. १९९५ मध्ये डी. ए. बी. यंग यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडले, की हा दीर्घकाळ टिकणारा ब्रुसेलोसिस असावा. हा जनावरांच्या दुधातून येणारा आणि मनाला खचवणारा ताप आहे. निदान बरोबर असो वा नसो, शंभर वर्षे अभ्यासकांनी विचारलेला प्रश्न एकच होता, 'शरीराचा की मनाचा?' दोन्हींचा असू शकतो, हे उत्तर रकान्यात मावत नव्हते.

आज विज्ञान काय म्हणते तेही थोडक्यात पाहू. ताप आला की भूक जाते, माणसे नकोशी होतात, कशात लक्ष लागत नाही. हे सारे केवळ अशक्तपणामुळे होत नाही. रोगाशी लढताना शरीर जी रसायने सोडते, ती मेंदूपर्यंत पोचतात आणि मनाची अवस्था बदलतात. काविळीच्या एका प्रकारावर, हिपॅटायटिस-सी वर, यांपैकीच इंटरफेरॉन हे रसायन औषध म्हणून वर्षानुवर्षे दिले गेले. तेव्हा आधी ठणठणीत मनाच्या अनेक रुग्णांना नैराश्य आले. उलट दिशाही खरी आहे. उदास माणूस औषध चुकवतो, जेवण टाळतो, चालणे सोडतो आणि त्याचा मूळ आजार बळावतो. मधुमेह असलेल्यांत नैराश्याचे प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट आढळते.

आपल्या भाषेतला ताप

इंग्रजीतून ताप गळाला. मराठीने मात्र तो सोडला नाही. संताप, मनस्ताप, पश्चात्ताप, अनुताप, तापट, तापदायक. आपण 'डोक्याला ताप' म्हणतो तेव्हा थर्मामीटर शोधत नाही. शरीराची उष्णता आणि मनाचा क्लेश हे दोन्ही अर्थ या एका शब्दात सुखाने नांदतात.

यामागे जुना विचार आहे. चरकसंहितेत ज्वराचे वर्णन देह, इंद्रिये आणि मन या तिघांना तापवणारा असे आहे. 'आधी' म्हणजे मनाची पीडा आणि 'व्याधी' म्हणजे शरीराची, पण आपण उच्चारतो जोडीनेच, आधी-व्याधी. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात त्रिविध ताप सांगितले आहेत. त्यातला आध्यात्मिक ताप वाचायला घेतल्यावर आजचा वाचक चमकतो. 'आध्यात्मिक' म्हटल्यावर तो काही सूक्ष्म विवंचनेची अपेक्षा करतो आणि समोर येते ती खरजेपासून नारू, देवी, गोवरापर्यंत देहाच्या दुखण्यांची लांबलचक यादी. स्वतःच्या देहातून, इंद्रियांतून, प्राणातून जे भोगावे लागते ते आध्यात्मिक, अशी ती व्याख्या आहे. परंपरा सांगते, की समर्थांनी बारा वर्षे साधना केली ती नाशिकजवळच्या टाकळीला. टाकळी आणि देवळाली यांत अंतर थोडेच आहे.

म्हणून आपले पूर्वज सगळे जाणत होते, असा निष्कर्ष मी काढणार नाही. देह आणि मन एकत्र पाहणाऱ्या याच परंपरेने दीर्घ आजाराला पूर्वकर्माचे फळ म्हणून रुग्णाच्या माथी दोषही मारला आहे. कुष्ठरोग्यांना गावाबाहेर काढणारा समाज हीच भाषा बोलत होता. शब्द जवळ असणे आणि माणसाची काळजी घेणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

दिंडोरीचा ताप

देवळालीचे पुढे बरेच काही झाले. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातून आलेल्या जखमी आणि आजारी सैनिकांसाठी तिथे मोठी लष्करी रुग्णालये चालली. हवा चांगली म्हणून मुंबईकरांची सॅनेटोरियमे उभी राहिली. तोफखान्याची शाळा आली. हिवतापही मागे हटला. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई, असा अंदाज आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि आमच्या तालुक्यातल्या घरांच्या भिंतींवर फवारणीच्या तारखा दिसू लागल्या.

आता आमच्या भागातला दीर्घ आजार वेगळा आहे. द्राक्षबागांनी दिंडोरीत पैसा आणला, कर्जही आणले. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचे विकार, मणक्यांची दुखणी. चिठ्ठीवर साखरेची गोळी, रक्तदाबाची गोळी आणि शेवटी कोपऱ्यात झोपेची गोळी असते. ती का आहे, हे रुग्णाला विचारले तर म्हणतो, 'काही नाही हो, रात्री डोळा लागत नाही.' पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या बाया म्हणतात, 'जीव लागत नाही कशात.' 'नैराश्य' हा शब्द काउंटरवर मी कधी ऐकला नाही.

माझ्या आईला चौदा वर्षे संधिवात होता. बोटे वाकली, पुढे तिला भाकरी थापता येईना. एका रुग्णालयातली तिची फाइल जाडजूड झाली होती. तीत सांध्यांची सूज, रक्ताचे अहवाल, औषधांचे डोस सगळे होते. भाकरी थापता येत नाही म्हणून ती चुलीपासून उठून पडवीत एकटी बसू लागली, हे त्या फाइलमध्ये कुठेच नव्हते. एकदा मी सांगायला गेलो, तर 'या वयात होते असे' एवढेच उत्तर मिळाले. ती गेल्यावर फाइल वाचताना मला रिचर्ड्सची छावणी आठवली. सगळे काही नोंदलेले होते आणि वाट पाहणे तेवढे राहून गेले होते.

याची किंमत मोठी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या आहेत, त्यांतल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे देशात सर्वाधिक. कारणांत कौटुंबिक समस्यांच्या खालोखाल आजारपण आहे, १८.४ टक्के. म्हणजे जवळपास दर पाचांत एक. या 'आजारपण' सदराखाली पोटरकाने आहेत. कर्करोग, पक्षाघात, एड्स, मानसिक आजार आणि इतर दीर्घ आजार. शरीर आणि मन एका मथळ्याखाली आले, हे बरे. पण पंचनामा लिहिणाऱ्याला अजूनही एकच रकाना निवडावा लागतो. दहा वर्षे डायलिसिसच्या वाऱ्या करून आतून विझलेला माणूस 'इतर दीर्घ आजारा'त जातो. त्याच्या मनाचे काय झाले होते, ते तिथे गळून पडते. देवळालीत शरीर गळाले होते, इथे मन गळते.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजाराइतकीच वागणूक मिळण्याचा हक्क दिला आहे. कायद्याने दोघांना समान केले. मात्र दोन्ही एकाच माणसाला एकाच वेळी असतात, ही गोष्ट केसपेपरवर उतरायची आहे. त्यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झाला का, आणि उदास किंवा हताश वाटते का, एवढ्या दोन प्रश्नांची चाचणी जगभर प्राथमिक दवाखान्यांत वापरली जाते. साखर आणि रक्तदाबाच्या आकड्यांशेजारी या दोन उत्तरांना जागा करता येईल. उत्तर 'हो' असेल तर पुढे कोणाकडे पाठवायचे, हेही त्याच कागदावर लिहिलेले असावे. आमच्या तालुक्यात जुन्या आजाराची औषधे घ्यायला महिन्याच्या महिन्याला येणारी माणसे शेकडो आहेत. त्यांना हे दोन प्रश्न विचारायला अर्धा मिनिट लागेल.